पंधरा वर्षांची वॅगनआर विकायची की ठेवायची?

वाचकाचं पत्र

मी अमळनेर तालुक्यातली प्राथमिक शिक्षिका. शाळा घरापासून बावीस किलोमीटरवर आहे आणि रोज गाडी मीच चालवते. गाडी म्हणजे पेट्रोलवरची वॅगनआर एलएक्सआय, ऑक्टोबर २०११ ची नोंदणी, १,३८,००० किलोमीटर झालेली. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, कापसाच्या पैशातून रोखीनं घेतलेली. गेल्या वर्षी ती दोनदा रस्त्यात थांबली. एकदा बॅटरी गेली, एकदा ऐन मे महिन्यात रेडिएटरचा पाईप फुटला. आता गॅरेजवाल्यानं ४२,००० रुपयांचं काम सांगितलंय : टायर १४,०००, क्लच ७,५००, सस्पेन्शन ९,५००, एसी ११,०००. जळगावचा जुन्या गाड्यांचा व्यापारी आहे तशी गाडी १,१०,००० ला घ्यायला तयार आहे. नाशिकचे दीर म्हणतात, लाखाच्या गाडीवर बेचाळीस हजार घालू नका, नवीन घ्या, ११,००० चा हप्ता पाच वर्षं भरा. आप्पांचं एकच, "गाडी पायगुनी शे, इकानी नही." पेरणीच्या दिवसांत खताची पोती अजूनही ते डिक्कीतूनच नेतात. मिस्टर म्हणतात, चालवतेस तू, तूच ठरव. त्यात भाऊबंदांतले एक जण ९०,००० ला मागताहेत, निम्मे आता, निम्मे कापूस विकल्यावर, आणि कागद "घरातलंच आहे, करू नंतर". पंधरा वर्षांची गाडी भंगारातच द्यावी लागते असंही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं. काय करू?

उत्तर

ताई, माझं मत आधी सांगतो, कारणं मागून. गाडी ठेवा, अजून दोन-अडीच वर्षं. अट एकच, डिक्कीखालचा आणि दारांखालचा पत्रा शाबूत असला पाहिजे. तो सडलेला निघाला तर त्या ४२,००० पैकी एक रुपयाही घालू नका, आहे तशी जळगावच्या व्यापाऱ्याला देऊन मोकळ्या व्हा. आणि भाऊबंदांना त्या बोलीवर गाडी कुठल्याही परिस्थितीत देऊ नका.

दिरांचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं. गाडी लाखाची आणि दुरुस्ती बेचाळीस हजारांची, म्हणजे जवळजवळ निम्मी किंमत गॅरेजमध्ये. पण बाजारात गाडीला काय मिळेल हा आकडा विकणाऱ्याच्या कामाचा. तुम्हाला रोज सकाळी शाळेत पोचायचंय, तेव्हा तुमचा हिशेब वेगळा. या गाडीचं काम केलं नाही तर त्याच कामासाठी दुसरीकडे किती मोजावे लागतील, ते बघायचं. दिरांनीच सांगितलेला हप्ता धरा. ११,००० म्हणजे वर्षाला १,३२,०००. बेचाळीस हजार म्हणजे चार हप्तेसुद्धा होत नाहीत. ही दुरुस्ती करून गाडी फक्त एक वर्ष धड चालली तरी नव्वद हजार तुमच्याकडेच राहतात, आणि नव्या गाडीचा फुल इन्शुरन्स मी अजून धरलेलाच नाही.

नवी गाडी घेतली की तिची किंमत उतरायला लगेच सुरुवात होते. विमा कंपन्यांच्या तक्त्यात एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घट धरलेली असते. तुमचा हप्ता फिटेल त्या महिन्यात गाडी निम्म्यावर आलेली असेल. तुमच्या वॅगनआरची जी काय घट व्हायची ती कधीच होऊन गेली.

आता वयाचं. बैलबाजारात बैल घेताना दात बघतात. पण घरचा बैल ठेवायचा की नाही हे कोणी दात मोजून ठरवत नाही, त्याची चाल बघतात. १,३८,००० चा आकडा बघून बाहेरचा माणूस भाव पाडेल, त्याचं ते कामच आहे. गाडी घरची असली की ती सकाळी कशी उठते, चढाला काय करते आणि किती वेळा रस्त्यात सोडते, एवढंच बघायचं. वर्षात दोनदा थांबली म्हणता. एकदा बॅटरी, एकदा पाईप. दोन्ही वस्तू उन्हानं मरणाऱ्या, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो. यातलं एकही इंजिनाचं दुखणं नाही.

तरी इंजिन तपासूनच घ्या. सकाळी गाडी थंड असताना चालू करायला लावा आणि मागे उभं राहून बघा. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळतंय. ऑइल भरायचं झाकण उघडून आतल्या बाजूला बोट फिरवा. दुधाळ, सायीसारखा थर लागला तर ऑइलमध्ये पाणी शिरतंय. डिपस्टिकवरची पातळी आज बघा आणि हजार किलोमीटरनी पुन्हा बघा. या तीन गोष्टी ठीक असतील आणि गॅरेजवाल्यानं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बरोबर आहे असं मोजून सांगितलं, तर ते इंजिन अजून बरंच चालेल. तुमच्या मॉडेलच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. त्यामुळे बेल्ट बदलायचा मोठा खर्चही डोक्यावर नाही.

गॅरेजवाल्याच्या यादीत चार वेगवेगळ्या जातीचे खर्च आहेत. टायर ही झिजायचीच वस्तू, त्याला गाडीची दुरुस्ती म्हणू नका. टायरच्या कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी इतका जुना टायर आपल्या उन्हात कडेला तडकलेला असतो, बदलाच. क्लच १,३८,००० ला जात असेल आणि तो मूळचाच असेल, तर ती गाडी जपून चालवल्याची खूण आहे. सस्पेन्शनचं काम मात्र आधी करा, अगदी याच आठवड्यात. शेतरस्त्यावरच्या काळ्या मातीच्या चाकोऱ्या पावसानंतर वाळून दगडासारख्या होतात, त्यात खालचे आर्म आणि बॉल जॉइंट खिळखिळे होतात. बॉल जॉइंट निसटला तर चालत्या गाडीचं पुढचं चाक आडवं पडतं. इथे चालढकल नको. एसीचं काम शेवटी, आणि त्याआधी लिहून घ्या : ११,००० मध्ये नेमकं काय बदलणार? नुसता गॅस गळत असेल तर गळती शोधून काम कमीत भागेल. कॉम्प्रेसरच गेला असेल तर ११,००० मध्ये नवा मिळतोय की जुना दुरुस्त करून बसवताहेत, ते विचारा.

त्या यादीत नसलेली एक गोष्ट मी घातली असती. एक पाईप उन्हानं फुटला, म्हणजे बाकीचे पाईपही त्याच वयाचे आहेत. रेडिएटरचे वरचे-खालचे आणि हीटरचे असे सगळे रबरी पाईप एकदम बदला, थर्मोस्टॅट आणि पंखा तपासून घ्या. आणि रेडिएटरमध्ये काय भरता? आपल्याकडे सर्रास बोअरचं पाणी ओततात. त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो, नळ्या चोंदतात आणि गाडी तापायला लागते. कूलंटच भरा. पेट्रोलचे पाईपही त्याच वेळी बघायला सांगा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्याला टिकतील असे रबरी भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत यायला लागले. सकाळी गाडीजवळ पेट्रोलचा वास आला तर वाट बघू नका, लगेच दाखवून घ्या.

आता माझी अट, आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती हिचीच. तुमच्या पत्रात खताच्या पोत्यांचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, पण मी तिथेच थांबलो. खान्देशची हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्या गाड्यांसारखा गंज आपल्या गाड्यांना सहसा लागत नाही. पण खत पत्र्याला खातं, विशेषतः पोटॅश. पोत्यातून सांडलेले दाणे डिक्कीच्या चटईखाली जातात, पावसाळी दमटपणात विरघळतात आणि स्टेपनीच्या खळग्यात उतरतात. वरून चटई स्वच्छ दिसते.

तेव्हा येत्या रविवारी एक तास काढा. डिक्की रिकामी करा, चटई पूर्ण उचला, स्टेपनी बाहेर काढा. खळग्याच्या तळाला पाणी, पांढरी पूड किंवा फुगलेला रंग दिसतोय का बघा. मग जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि त्याच्या मुठीनं पत्र्यावर ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा चांगला. बद्द आवाज आला तिथे टोकानं दाबून बघा. टोक आत गेलं, की उत्तर मिळालं. पुढे गाडी गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून चारही दारांखालच्या कडा, मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट जिथे बॉडीला बसतात ती जागा आणि ब्रेकचे लोखंडी पाईप बघायला लावा. स्टेपनीच्या खळग्यात रुपयाएवढं भोक असेल तर वेल्डिंग करून भागेल. पण मागच्या सस्पेन्शनच्या जागेचा पत्रा किंवा दारांखालचा भाग सडला असेल तर तो कितीही चांगला वेल्डर धरला तरी पहिल्यासारखा होत नाही. अपघातात तुम्हाला सांभाळणारा सांगाडाच तो. तिथे माझं मत बदलतं : विका.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं मनातून काढून टाका. पेट्रोल पंधरा आणि डिझेल दहा वर्षं ही बंदी दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या भागाची. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर आरटीओत गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. तुमची मुदत या ऑक्टोबरात संपते. अर्ज फॉर्म २५ चा, आणि तो मुदतीआधीच्या साठ दिवसांत करता येतो. चारचाकीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आहे, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. इन्शुरन्स आणि पीयूसी चालू पाहिजे, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली पाहिजे. ही पाच-पाच वर्षांची मुदतवाढही गाडी वीस वर्षांची झाली की महाग होते, तेव्हा फी १०,००० आहे. तुम्हाला तिथवर जायचंच नाही. पण ऑक्टोबरची तारीख चुकवू नका. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं.

पत्र्याच्या तपासणीत विकायचं ठरलं, तर तेही ऑक्टोबरच्या आधीच करा. मुदत संपत आलेली गाडी घेणारा नूतनीकरणाचा सगळा खर्च आणि हेलपाटे भावातून कापून घेतो. आणि भाव वाढेल म्हणून वाट बघू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्यांच्या भावाला जोर राहत नाही. पुढे तुम्हाला गाडी घ्यायची आहे, तेव्हा हेच तुमच्या पथ्यावर पडेल.

पुढे घ्यायचीच आहे, कारण एका बाबतीत दिरांचं म्हणणं मला पटतं, जरी ते त्यांनी पैशाच्या भाषेत सांगितलं. तुमच्या गाडीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. बावीस किलोमीटरच्या ओळखीच्या रस्त्यावर, दिवसाउजेडी, साठच्या आत चालवताना मी हा धोका अजून दोन-अडीच वर्षं चालवून घेईन. धुळे-जळगाव हायवेवर रात्री ट्रकांच्या रांगेत, किंवा सगळं कुटुंब घेऊन कन्नडच्या घाटातून संभाजीनगरला, नाही. चैत्रात सप्तशृंगीला जायचं असेल तर भाड्याची गाडी करा. मुंबई-पुण्याला रेल्वेनं जा. वर्षातले असे प्रवास मोजके असतात, त्यांचं भाडं हप्त्यापुढे काहीच नाही. आणि मागच्या सीटवर बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा, आप्पांनीसुद्धा.

या काळात ११,००० चा हप्ता भरावा लागत नाही म्हणून तो घरखर्चात विरून जाऊ देऊ नका. दरमहा ८,००० ची आरडी सुरू करा. तीस महिन्यांत २,४०,००० मुद्दल होतं, वर व्याज. उरलेले तीन हजार गाडीच्या किरकोळ कामांना. मग २०२२ नंतर बनलेली एखादी चांगली वापरलेली गाडी बघा. त्या वर्षापासूनच्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या आहेत. तेव्हा कर्ज घ्यावं लागलं तरी ते थोडं असेल. आत्ताच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, साठला असेल, तर वॅगनआर विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या. तो बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो, आणि पत्र घेतल्यापासून तीन वर्षांपर्यंत दुसऱ्या गाडीला लावता येतो. फक्त पॉलिसी आणि आरसी आप्पांच्या नावावर असेल तर बोनसही त्यांचाच, हे लक्षात ठेवा.

मधल्या काळात इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडायची वेळ आली, तर तिथे थांबा. तो खर्च करू नका. तोवरची आरडी मोडा आणि गाडी बदला. ही मर्यादा आजच वहीत लिहून ठेवा आणि मिस्टरांना दाखवा, कारण गॅरेजमध्ये गाडी उघडून पडलेली असताना "आता एवढं केलंच आहे तर" असं म्हणत माणूस पुढे-पुढे जातो.

आता भाऊबंदांचं. नात्यात नाही म्हणणं जड जातं, मला कल्पना आहे. पण त्यांनी घातलेल्या बोलीत वीस हजारांचं नुकसान सर्वांत लहान आहे. गाडी आप्पांनी घेतलेली, तेव्हा आरसीवर त्यांचंच नाव असेल तर ते बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीनं मालक आप्पाच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. गाडी विकल्यावर ती हातोहात पुढे गेली, कागदावर नाव मात्र पहिल्याच मालकाचं राहिलं. अपघात झाला, गाडीला विमा नव्हता. न्यायालयानं भरपाईची जबाबदारी कागदावरच्या मालकावर ठेवली. गाडी आपल्या ताब्यात कित्येक महिने नव्हती, हे त्याचं म्हणणं चाललं नाही. तुमच्या बाबतीत ते कागदावरचे मालक म्हणजे आप्पा असतील, आणि भरपाईचे आकडे अनेक लाखांचे असतात, शेत विकायला लावणारे.

म्हणून त्यांना गोडीनं पण सरळ सांगा : "नाना, गाडी सध्या द्यायची नाही. देऊ तेव्हा आधी तुम्हालाच विचारू, पण रक्कम एकरकमी आणि नाव बदलाच्या फॉर्म २९-३० वर सह्या त्याच दिवशी." व्यापाऱ्याला दिली तरी हाच नियम. नाव बदलल्याची नोंद परिवहनच्या वेबसाइटवर दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. व्यवहार झाला की चौदा दिवसांत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे, त्याची पोच जपून ठेवा.

राहिले आप्पा. त्यांच्याशी वाद घालू नका, रविवारी डिक्की उघडाल तेव्हा त्यांनाच शेजारी उभं करा आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात द्या. गाडी त्यांनी घेतलेली, पत्रा चांगला आहे की गेला हे त्यांच्या कानानं ऐकलं तर पुढचं बोलणं सोपं होईल. पत्रा चांगला निघाला तर तिथल्या तिथे डिक्की पाण्यानं धुऊन, खडखडीत वाळवून, तळाला गंजरोधक रंग मारून घ्या. आणि खताची पोती आजपासून छोट्या हत्तीतून किंवा अ‍ॅपे रिक्षातून, हे आप्पांकडून तिथेच कबूल करून घ्या.